जुन्या इंग्रजी पुस्तकातील ‘बिलियन’ मराठीत आणताना किती शून्ये धरावीत?

गिरगावकर:
सप्रेम नमस्कार. 1950च्या दशकात लंडनमध्ये छापलेल्या एका खगोलशास्त्राच्या पुस्तकातील प्रकरण मी मराठीत आणत आहे. त्यात एक प्रकाशवर्ष म्हणजे ‘सुमारे सहा बिलियन मैल’ असे दिले आहे. आजच्या कोणत्याही शब्दकोशात बिलियन म्हणजे अब्ज, अर्थात शंभर कोटी. पण ‘सहा अब्ज मैल’ लिहावे, तर सूर्यापासून प्लूटोचेच सरासरी अंतर साडेतीन अब्ज मैलांहून अधिक असल्यामुळे प्रकाशवर्ष प्लूटोच्या थोडे पलीकडे जाऊन संपते, आणि हे उघडच अशक्य आहे. पुस्तकाचा लेखक असा ढोबळ घोटाळा करणारा वाटत नाही. येथे काय धरावे?

दादरचा मुद्रितशोधक:
लेखकाने घोटाळा केलेला नाही. त्या काळच्या ब्रिटिश लेखनात बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजेच एकावर 12 शून्ये, असा अर्थ सर्रास घेतला जाई. फ्रेंच गणिती निकोला शुके याने 1484मध्ये केलेल्या मांडणीतही हाच अर्थ आहे: दशलक्षाचा दुसरा घात तो बिलियन, तिसरा घात तो ट्रिलियन. अमेरिकेत मात्र हजार दशलक्ष, म्हणजे एकावर 9 शून्ये, हा अर्थ रूढ झाला. अखेर डिसेंबर 1974मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी, यापुढे सरकारी व्यवहारात बिलियन याच दुसऱ्या अर्थाने वापरला जाईल, असे संसदेत स्पष्ट केले.

शंका राहू नये म्हणून ताळा करून पाहावा. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 1,86,000 मैल आणि वर्षाचे सेकंद सुमारे 3 कोटी 15 लाख. गुणाकार येतो सुमारे 5.86 लाख कोटी. त्यामुळे आपण ‘सुमारे सहा लाख कोटी मैल’ असे निःशंकपणे लिहावे. मात्र त्याच पुस्तकातील इतर आकडेही असेच तपासावेत, कारण अमेरिकी वेधशाळांकडून घेतलेली माहिती मूळ अर्थासह तशीच उतरवलेली असू शकते.

मुलुंडची भाषांतरकार:
वरील उत्तराला एक जोड देते. नुसते साल पाहून भागत नाही, भाषाही पाहावी लागते. जर्मनमध्ये शंभर कोटींना ‘मिलियार्डं’ म्हणतात आणि ‘बिलिऑन’ म्हणजे आजही लाख कोटीच. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येही त्या शब्दाला 12 शून्येच आहेत. त्यातून जर्मन ताळेबंदात हजारांच्या गटांमध्ये टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो; तेव्हा घाईत आकडा उतरवणाऱ्याची दोन्ही बाजूंनी कोंडी होते.

फोर्टातला हिशेबनीस:
आमच्या कचेरीत कोटींचे बिलियन करताना सरळ 100ने भागतात. मुंबई महापालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प सुमारे 74,427 कोटी रुपयांचा होता. परदेशी गुंतवणूकदारासाठीच्या टिपणात तोच आकडा 744 बिलियन रुपये असा जातो. (पेटी आणि खोका ही मुंबईची खास मापे अर्थातच त्या टिपणात चालत नाहीत.) इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की निश्चित आकड्यापुढे हा शब्द एकवचनीच राहतो, म्हणून ‘टू बिलियन रुपीज’, अनेकवचन ‘बिलियन्स ऑफ’ अशा मोघम प्रयोगात येते.

गिरगावकर:
सर्वांचा आभारी आहे. आणखी एक विचारतो: ‘लाख कोटी’ हे अर्थसंकल्पाच्या बातमीसारखे वाटते. खगोलशास्त्राच्या लेखनाला शोभेल असा खर्व, निखर्व यांपैकी एखादा शब्द घेता येईल का?

दादरचा मुद्रितशोधक:
घेऊ नये, असे माझे मत आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील क्रमानुसार अब्जाच्या दसपट खर्व, त्याच्या दसपट निखर्व आणि त्यापुढे महापद्म, म्हणजे आपल्याला हवी असलेली एकावर 12 शून्ये महापद्माला आहेत. पण ‘सहा महापद्म मैल’ वाचून आजचा वाचक अडखळेल. शिवाय हिंदीतला प्रचलित खरब शंभर अब्जांचा असल्याने आपला खर्व आणि त्यांचा खरब यांत एका शून्याचा फरक पडतो. ‘लाख कोटी’ रुक्ष असले तरी ते ठेवावे, आणि पहिल्या उल्लेखाला तळटीप देऊन मूळ पुस्तकात बिलियन हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे ते नोंदवावे.