मदत हवी आहे : दहावीच्या मुलांना गणितातले व्यवसाय दाखवायचे आहेत

सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवते. दहावीत ४२ मुलं आहेत. 'गणितात पुढे काय?' असं विचारलं की उत्तरं दोनच : इंजिनिअर नाहीतर शिक्षक.

गेल्या महिन्यात व्यवसायांची यादी फळ्यावर लिहून पाहिली, मुलं कंटाळली. मग विम्याचं एक गणित दिलं. हजार माणसं, वर्षाला सरासरी दोन मृत्यू, प्रत्येकी ५ लाखांची भरपाई. तर हप्ता किती घ्यावा? हजार रुपये, हे सगळ्यांना आलं. पण एका मुलीने विचारलं, "बाई, त्या वर्षी पाच गेले तर?" तिथे वर्ग जागा झाला! ॲक्च्युअरीचं, म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञाचं, काम नेमकं तिथेच सुरू होतं, हे मग सांगता आलं. कोनमापक आणि ओळंबा घेऊन झेंड्याच्या खांबाची उंचीही काढली, त्यातून भूमापनाकडे वळलो.

प्रवेशपरीक्षांची माहिती (भारतीय सांख्यिकी संस्था, ॲक्च्युअरीची एसेट) माझ्याकडे आहे, ती नको. आठवड्याला शनिवारची एकच तासिका मिळते, ३५ मिनिटांची. प्रोजेक्टर आहे, इंटरनेटचा भरवसा नाही. सहलीला पैसे नाहीत. गणित दहावीपर्यंतचंच हवं : संभाव्यता, सांख्यिकी, श्रेढी, त्रिकोणमिती, अर्थनियोजन.

तुमच्यापैकी कुणी हवामान, शेतीसंशोधन, कारखान्यातली गुणवत्ता तपासणी, बँकेतली कर्जजोखीम किंवा एसटी-रेल्वेची वेळापत्रकं अशा कामात आहे का? तुमच्या रोजच्या कामातला असा कोणता एक खरा प्रश्न आहे, जो सोपा करून या मुलांपुढे ठेवता येईल?