पीपीकेचा उदोउदो पुरे, हेरपटांचं खरं पिस्तूल पी-३८

बिनचूक_नेम (धागाकर्ता)
हेरपटांचा विषय निघाला की लगेच जेम्स बाँडच्या वाल्थर पीपीके पिस्तुलाची आरती सुरू होते. मला हे कौतुक कधीच पटलं नाही. पीपीके काढलं साध्या वेशातल्या पोलिसांसाठी. त्याच कंपनीचं पी-३८ मात्र अस्सल फौजी. जर्मन लष्करानं १९३८ मध्ये महागड्या लुगर पिस्तुलाच्या जागी ते निवडलं. ९ मिमी पॅराबेलम काडतूस, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या. गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, असताना सेफ्टी खाली केली की गोळी उडवणारा हॅमर बार न उडता उतरतो. वेळ आली की सेफ्टी वर आणि नुसता चाप ओढायचा. मागे हॅमरच्या वर एक बारीक पिन डोकावते. अंधारात अंगठा फिरवला तरी कळतं, गोळी भरलेली आहे. हेराला आणखी काय हवं?

आता पडदा. 'द मॅन फ्रॉम अंकल' ही १९६४ ते ६८ ची अमेरिकी मालिका. तिचे भाग जोडून, वाढवून थिएटरातही सिनेमे लावले. त्यात नेपोलियन सोलोचं गाजलेलं पिस्तूल म्हणजे नळी आखूड केलेलं पी-३८. वर दुर्बीण, मागे दस्ता, पुढे जास्तीची नळी, सगळं जोडता यायचं. त्या पिस्तुलाच्या नावानं चाहत्यांची पत्रं यायची. पीपीकेसाठी कुणी पत्र लिहिलंय?

कोटाचा_खिसा
पत्राचंच काढलंत तर ऐका. पीपीके बाँडकडे आलं तेच एका पत्रामुळे! १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या बंदूकतज्ज्ञानं इयान फ्लेमिंगला कळवलं, की तुमच्या नायकाची .२५ ची बेरेटा बायकी आहे. फ्लेमिंगनं १९५८ च्या 'डॉ. नो' कादंबरीत पिस्तूल बदललं आणि शस्त्रं देणाऱ्या अधिकाऱ्याला नावही दिलं मेजर बूथरॉइड. लेखकाकडून अशी परतफेड कितीजणांना मिळते?

बाकी, पी-३८ साडेएकवीस सेंटिमीटर, पीपीके साडेपंधरा. डिनर जॅकेटमध्ये पी-३८ घालून कसिनोत जाऊन बघा. दारावरचाच विचारेल, साहेब, काखेत काय आहे?

बिनचूक_नेम
अर्धीच गोष्ट सांगितलीत. बूथरॉइडची पहिली पसंती स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर होती. ऑटोमॅटिकच हवं असेल तर पीपीके, असं त्याचं म्हणणं.

आणि सिनेमात बघा. 'डॉ. नो' (१९६२) मध्ये नाव घेतात पीपीकेचं, पण बाँडच्या हातात पडतं त्याचं थोरलं भावंड, पीपी. प्रोफेसर डेंटला उडवतो तो सायलेन्सरवाला प्रसंग आठवा, तिथे एफएन १९१० आहे. पुढच्या सिनेमाच्या पोस्टरसाठी बाँड झालेल्या शॉन कॉनरीचे फोटो काढायला गेले तर पीपीके कुणी आणलंच नव्हतं, म्हणून वाल्थरचंच छऱ्यांचं पिस्तूल हातात दिलं. ते लांब नळीसकट जगभर भिंतींवर लागलं. नाव पीपीकेचं, राबले भलतेच.

जुनी_रीळ
यात पीपीकेचाच विजय आहे हो. वस्तू हजर नसताना लोकांना ती दिसली! पी-३८ ची अडचण उलटी. ती उघडी बारीक नळी दिसली की प्रेक्षक समजतो, हा नाझी अधिकारी. युद्धपटांनी तिच्यावर शिक्काच मारून ठेवलाय. नायकाच्या हातात ती शोभतच नाही.

बिनचूक_नेम
सोलोनं धरली की.

जुनी_रीळ
धरली, पण ओळखू येऊ नये इतके दागिने घालून.

खडकी_बाजार
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालोय. बुडाशी 'केएफ' ठसा असलेली ९ मिमीची काडतुसं डोळ्यांखालून गेली आहेत, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. नेहमीची ९ मिमी गोळी त्याच्या पुढे पळते, त्यामुळे सायलेन्सर लावला तरी हवेत कडाका उडतोच. पीपीकेची ७.६५ ची गोळी त्या वेगाच्या खाली राहते. शिवाय पीपीकेची नळी जागची हलत नाही. पी-३८ ची प्रत्येक बाराला मागे सरकते, तिच्यावर जड नळकांडं लादलं की यंत्रणा रखडू शकते. सिनेमातला 'फुस्' आवाज दोन्हीकडे खोटाच, पण पी-३८ च्या बाबतीत जास्त खोटा. चोरून मारायचं तर पीपीके, समोरासमोर लढायचं तर पी-३८. धागाकर्त्यांनी हेर म्हटलंय, सैनिक नाही.

बिनचूक_नेम
काका, तांत्रिक मुद्दा मान्य. पण चोरून मारणं हे हेराचं काम फक्त सिनेमात. प्रत्यक्षात पिस्तूल बाहेर काढायची वेळ येते ती जीव वाचवायला, आणि तिथे पीपीकेनं काय दिवे लावले ते लंडनला विचारा. मार्च १९७४, राजकन्या ॲन यांच्या अपहरणाचा प्रयत्न. अंगरक्षक जिम बीटन यांचा एक बार चुकला आणि मग पीपीके अडकलं. त्यांना तीन गोळ्या लागल्या. त्यानंतर राजघराण्याच्या अंगरक्षकांकडून ते पिस्तूल काढूनच घेतलं.

कोटाचा_खिसा
एक पिस्तूल अडकलं म्हणून सगळी जात बाद? असं बघायचं तर कुठलंच पिस्तूल शिल्लक राहणार नाही.

बिनचूक_नेम
मग १९९७ मध्ये बाँडनंच पीपीके सोडून ९ मिमीचं पी-९९ का घेतलं?

कोटाचा_खिसा
वाल्थरला तेव्हा नवा माल खपवायचा होता म्हणून. २००८ ला बाँड मुकाट्यानं पीपीकेवर परतला. पी-३८ कडे गेला का? नाही ना!