ट. हं. म्हणजे काय? टपाल, हंशील, अजुरा, बटवडा

मूळ प्रश्न

जुनं कपाट आवरताना चुलत आजोबांचं एक पुस्तक हाती लागलं. मलपृष्ठाच्या आत प्रकाशकाने आपल्या इतर पुस्तकांची यादी छापली आहे आणि प्रत्येकापुढे ‘किं. १२ आणे, ट. हं. निराळें’ असं आहे. ‘ट. हं.’ ही मला आधी कुणाच्या नावाची आद्याक्षरं वाटली. वडील म्हणाले, टपालहंशील. पण हंशील म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही सांगता येईना. आणि ‘टपाल’ तरी आपलं का? शाळेत ‘पोस्ट’ला मराठी शब्द ‘टपाल’ असं घोकून घेतलं होतं. हिंदीवाले ‘डाक’ म्हणतात. मग टपाल आलं कुठून? जाणकारांनी लिहावं.

प्रतिसाद १

ताई, हंशील तुम्हीही बोलता. ‘आता बोलून काय हशील?’ यातलं हशील तेच. मूळ अरबी ‘हासिल’, म्हणजे हाती आलेलं, वसूल झालेलं. ‘महसूल’ त्याच धातूचा. आपल्या पदरात पडतं ते हशील आणि सरकारच्या पदरात पडतं तेही हशील, म्हणजे कर, जकात. म्हणून टपालहंशील म्हणजे पत्र नेण्याबद्दल सरकारने घ्यायचे पैसे. हिंदीत ‘डाक-महसूल’ म्हणतात, तोही याच अर्थाने. पुढे ‘टपालखर्च’ आलं आणि ट. हं. चं ट. ख. झालं. मला जुना शब्द जास्त नेमका वाटतो. खर्च म्हटलं की देणारा दिसतो. हंशील म्हटलं की घेणाराही दिसतो.

सरकारने घेण्याआधी हे पैसे कोण घेत होतं? पत्र नेणारा माणूस. त्याचाही शब्द आहे, ‘अजुरा’. हाही अरबीतून आलेला, अर्थ मजुरी, भाडं. पेशवाईतल्या कागदपत्रांत ‘अजुरदार’, ‘जासूद जोडी’, ‘कासीद’ हे शब्द वरचेवर येतात. तिघेही पत्र नेणारेच. अजुरदार म्हणजे तेवढ्या खेपेपुरता मजुरी ठरवून पाठवलेला. जोडी अशासाठी, की वाटेत एकाला काही झालं तर दुसऱ्याने पत्र पुढे न्यावं. सावकारांचे कासीद निराळे. १७६१ मध्ये पानिपतचा निकाल नानासाहेबांना कळला तो सावकारी पत्रातून, ‘दोन मोती गळाली’ हा निरोप आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. राज्याचा पेशवा वाट बघत बसलेला आणि बातमी पोचते ती सावकाराच्या कासिदाकडून!

आता टपाल. जासूद आणि टपाल यांत एक मूळचाच फरक आहे आणि चर्चेत तो नेहमी निसटतो. जासूद हा माणूस आहे. निघाला त्या हातातून पोचेपर्यंत पत्र त्याच्याचकडे. टपाल आणि डाक ही मुळात माणसाची नावं नव्हेत, वाटेवरच्या व्यवस्थेची आहेत. ठरावीक अंतरावर माणसं किंवा घोडी ठेवायची आणि थैली या हातातून त्या हातात जायची. म्हणून डाक ‘बसवतात’, ठाणं बसवावं तशी. ही पद्धत इंग्रजांनी आणलेली नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दिल्लीच्या सुलतानांची अशी व्यवस्था पाहून लिहून ठेवली आहे. एका कोसाच्या आत तीन-तीन ठिकाणी धावणारे तयार, एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी. घुंगरांचा आवाज आला की पुढच्याने कंबर कसायची. पुढे इंग्रजी अमदानीत खेड्यापाड्यांत दिसणारा हलकारा, घुंगरं बांधलेला भाला घेऊन धावणारा, त्याच वंशातला.

‘टपाल’ची व्युत्पत्ती अजून वादात आहे. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात दोन मतं दिली आहेत. तेलुगूचे पंडित सी. पी. ब्राउन यांना त्यात मुक्कामाच्या अर्थाचा एक फ्रेंच शब्द दिसला. जॉन बीम्स यांनी तो छाप मारण्याच्या अर्थाच्या देशी धातूशी जोडला, म्हणजे पत्रांवर शिक्का मारायचं घर. माझा कौल तिसरीकडे आहे. आपला ‘टप्पा’ घ्या. टप्पा म्हणजे एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतचं अंतर. जी व्यवस्था टप्प्याटप्प्यानेच चालते तिचं नाव टप्प्यावरून पडलं, हे मला सगळ्यात सरळ वाटतं. शब्द तिकिटांपेक्षा जुना आहे एवढं नक्की. १७९९ मध्ये वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, पुण्यापर्यंत टपाल बसवण्याची आशा फारशी नाही असं लिहितो, आणि इंग्रजी पत्रात शब्द वापरतो तो टपालच. चिकटवायची तिकिटं त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आली.

प्रतिसाद २

टप्प्याला माझा दुजोरा. मी नांदेडकडचा. आमचे आजोबा पोस्टाला ‘टप्पाखाना’ म्हणायचे, शेवटपर्यंत. निजामाच्या राज्यात स्वतंत्र टपाल होतं, १८६९ पासून त्यांची स्वतःची तिकिटं निघाली. १८७१ च्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार लिप्या आहेत. सरकारी उर्दूत शब्द होता टप्पा. लहानपणी मला वाटायचं आजोबा टपाल शब्द चुकीचा उच्चारतात. आता वाटतं, मूळ शब्द त्यांच्याच तोंडी होता.

एक शंका. गुजरातीत टपाल, तमिळ-तेलुगूतही याचंच भावंड, आणि उत्तरेला सगळीकडे डाक. म्हणजे मुंबई-मद्रास इलाखा टपालाचा आणि बंगाल इलाखा डाकेचा, असं म्हणता येईल का?

प्रतिसाद १

स्थूलमानाने हो. पण एक मोठा अपवाद मुंबई इलाख्यातच आहे. १ जुलै १८५२ ला सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी तिथे अर्ध्या आण्याचं गोल तिकीट काढलं. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट ते हेच. सिंध तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात, पण तिकिटावर उठवलेले शब्द ‘सिंध डिस्ट्रिक्ट डॉक’. ‘डॉक’ म्हणजे आपली डाकच. कानडीचाही विचार करा. तिथे टपालाबरोबर ‘अंचे’ हा स्वतःचा शब्द आहे, म्हैसूर संस्थानच्या टपालाचं नावच अंचे होतं. १८८९ मध्ये ते खातं इंग्रजी पोस्टात विलीन झालं, शब्द आजही चालू आहे.

अजुऱ्याचं हंशील कसं झालं, ते सांगायचं राहिलं होतं. कंपनीची डाक आधी फक्त सरकारी कागदांसाठी होती. १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ती पैसे घेऊन लोकांना खुली केली. मग १८३७ चा कायदा आला. कंपनीच्या मुलखात पैसे घेऊन पत्रं नेण्याचा हक्क एकट्या सरकारचा झाला आणि सावकारांच्या, महाजनांच्या डाका बेकायदा ठरल्या. ज्या वाटेने पानिपतची खबर आली ती वाट कायद्याने बंद झाली. शब्दांच्या दृष्टीने मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. अजुरा घासाघीस करून ठरायचा. हंशील तक्ता बघून भरायचं. आणि तक्ता महाग होता, दर अंतरावर चढत जाई. कलकत्ता ते मुंबई तोळ्याला एक रुपया!

१ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा हिशेब गेला, उरलं फक्त वजन. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, तोळ्याला दोन आणे, मग पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की पेशावरला. सोळा आण्यांचे दोन आणे झाले. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. सोनाराच्या तराजूत कागद तोलायचा आणि बारीक अक्षरात दोन्ही अंगांनी भरून काढायचा. जुन्या पत्रांत समासातसुद्धा आडव्या ओळी लिहिलेल्या असतात, त्याचं एक कारण हेच.

प्रतिसाद ३

आम्ही कोकणातले, आमच्याकडे सगळा संसारच मनीऑर्डरीवर. पणजोबा गिरणीत. पोस्ट म्हणजे शाळेच्या पडवीतलं एक टेबल आणि पोस्टमास्तर म्हणजे शाळेचे मास्तरच. त्यांच्याकडून ऐकलेला शब्द ‘बटवडा’. ‘आज बटवडा नाही’ म्हटलं की पणजी परत फिरायची.

तिच्या पेटीतलं एक कार्ड माझ्याकडे आहे. पाचव्या जॉर्जचं डोकं, अर्धा आणा, मजकूर मोडीत. एका जाणत्याकडून वाचून घेतलं. शेवटच्या दोन ओळी अशा: ‘मागील पाकीट नाटपेड आले. दोन आणे भरले. तिकीट लावीत जाणे. उलट टपाली खुशाली कळविणे.’ घरी तिकिटाला आणा नसेल म्हणून पणजीने तसंच धाडलं असणार. आणि पणजोबांनी ते नाकारलं नाही, दुप्पट भरून घेतलं. मनीऑर्डरींची कुपनंही आहेत. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची, पैसे देऊन पोस्टमन तो तुकडा घरी ठेवून जायचा. पणजीला वाचता येत नव्हतं, तरी सगळी कुपनं तिने सुतळीत ओवून ठेवलेली आहेत.

बटवडा शब्द कुठला?

प्रतिसाद १

तुमच्या कार्डाने माझं काम सोपं केलं. ते जपा. पेटीत कापूर ठेवू नका, कार्ड सुती कापडात कोरडं ठेवा.

बटवडा पोस्टाच्या आधीचा. वाटणे, बांटणे याच कुळातला. शिपायांचा, मजुरांचा पगार हातोहात वाटायचा तो बटवडा. पोस्टाने तो उचलला आणि पत्रांच्या वाटपाला लावला. मनीऑर्डर टपालखात्याकडे आली १८८० मध्ये, आणि तिच्या बाबतीत तर शब्द पुन्हा मूळ अर्थावर आला. पणजी ज्या बटवड्याची वाट बघत होती, तो शब्दशः पगाराचा बटवडा होता, फक्त गिरणीतून दोनशे मैल लांब ओटीवर होणारा. ‘डिलिव्हरी’ म्हणून हा शब्द आपण घालवू नये असं मला फार वाटतं.

नाटपेड, म्हणजे नॉटपेड. १८५४ पासून बिनतिकिटाच्या पत्राला दुप्पट आकार, तो घेणाऱ्याने द्यायचा. पणजोबांच्या काळात पाकिटाला एक आणा होता, म्हणून त्यांना दोन पडले. इंग्रजीत अशा पत्राला ‘बेअरिंग’ म्हणत. हिंदीने त्याचं ‘बैरंग’ केलं आणि पत्र नाकारलं जाऊन परत यायचं म्हणून ‘बैरंग लौटना’ म्हणजे रिकाम्या हाताने परतणं. आपण दुसरा इंग्रजी शब्द उचलला, पैसे न भरल्याचा.

आणि ‘उलट टपाली’. हा अस्सल मराठी वाटणारा प्रयोग इंग्रजीच्या साच्यातला आहे. ज्या टपालाने पत्र आलं त्याच्याच परतीच्या खेपेने उत्तर धाडा, हा तिकडच्या पत्रव्यवहारातला ठराविक मायना. आपल्या कारकुनांनी तो इतका बेमालूम मराठीत बसवला, की ‘लोभ असावा’च्या शेजारी तो परका वाटत नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. पुस्तक पुन्हा काढून पाहिलं. यादीच्या तळाशी बारीक टाइपात आणखी एक ओळ आहे: ‘व्ही. पी. नें मागविल्यास व्ही. पी. खर्च वेगळा पडेल.’ (व्ही. पी. म्हणजे मागवलेली वस्तू हाती पडताना पोस्टमनकडे पैसे भरायची पद्धत.) म्हणजे एकाच पानावर सरकारचं ‘हंशील’ही आहे आणि ‘खर्च’ही.