मदत हवी आहे: इंग्लंडमधील ‘सॅक्रे’साठी हिंदू प्रतिनिधीचे नाव कोणी सुचवायचे?

१९९६च्या शिक्षण कायद्यानुसार येथील शिक्षणाची जबाबदारी असलेल्या प्रत्येक स्थानिक परिषदेला शालेय धर्मशिक्षणावर सल्ला देणारी ‘सॅक्रे’ ही समिती नेमावीच लागते आणि अभ्यासक्रमाचा फेरविचार दर ५ वर्षांनी होतो. आमच्याकडे तो पुढच्या वर्षी आहे. मात्र चर्च ऑफ इंग्लंडखेरीज इतर ख्रिस्ती पंथ व अन्य धर्म ज्या ‘अ’ गटात बसतात, त्यातील हिंदू प्रतिनिधीची जागा प्रत्येक इतिवृत्तात ‘रिक्त’ दिसते. मुलीच्या वहीत हिंदू धर्म म्हणजे दिवाळीची पणती आणि जातींचा त्रिकोण एवढेच आहे, त्यामुळे ही जागा भरणे मला फार निकडीचे वाटते.

समितीची सभा ऐकून आलो, सचिवांना लिहिले. समाजाच्या प्रातिनिधिक संस्थेचे पत्र आणा, असे उत्तर आले. गावात मंदिर नाही. नोंदणीकृत मराठी मंडळ गणेशोत्सव करते, पण त्याच्या घटनेत उद्देश ‘सांस्कृतिक’ असाच नोंदलेला आहे. शाळा अकादमी (परिषदेऐवजी थेट सरकारी निधीवर चालणारी शाळा) नाही आणि परिषदेचा अभ्यासक्रम तिला लागू आहे. आणि मुलीला त्या तासातून काढून घेण्याचा पालकांचा हक्क मला वापरायचा नाही.

अशा मंडळाचे शिफारसपत्र कोणाच्या परिषदेने स्वीकारले आहे का, आणि नसल्यास शेजारच्या परिषदेच्या हद्दीतील मंदिराचे पत्र चालते का?