पेनसिल्व्हेनियाचं पर्मिट, न्यू जर्सीचा तुरुंग

डेलावेअरकाठ
ओळखीतल्या एकाला नागरिकत्व मिळालं, त्याने इथे पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाचं पर्मिट काढलं आणि रविवारी पिस्तूल कमरेला लावून न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडला, म्हणजे देशी बाजारात, भाजी आणायला निघाला. दोन राज्यांमधल्या डेलावेअर नदीचा पूल ओलांडायच्या आधीच आम्ही अडवलं म्हणून वाचला. आपलं पर्मिट न्यू जर्सी मानतच नाही.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई न्यू जर्सीच्या अटलांटिक काउंटीत सापडली. गाडी अडवल्यावर तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं, पिस्तूल आहे, पर्मिटही आहे. तिथेच अटक. या गुन्ह्याला ५ ते १० वर्षं, त्यातही बंदुकीच्या गुन्ह्यांना किमान शिक्षा ठरवणाऱ्या तिथल्या ग्रेव्ह्ज कायद्याने किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. बरीच ओरड झाली तेव्हा खटला टळला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली. खरं बोलणाऱ्या बाईला दरोडेखोराची शिक्षा? माझ्या मते हा उघड अन्याय आहे. ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, मग हे का नाही?

सायली_के
अजिबात पटलं नाही. गाडी चालवायला प्रत्येक राज्य परीक्षा घेतं. तुमच्याकडे पर्मिटसाठी नेमबाजीची चाचणी नाही की प्रशिक्षणाची सक्ती नाही. शेरीफकडे २० डॉलरच्या आसपास फी भरा, पार्श्वभूमी तपासली की मिळालं. आमच्याकडे न्यू जर्सीत चाचणी द्यावी लागते. २९ राज्यांत तर पर्मिटच लागत नाही, टेक्सासने २०२१ मध्ये ती अट काढली. सगळ्यांनी सगळ्यांचं मानायचं ठरलं, तर सर्वात ढिला नियम माझ्या मुलाच्या शाळेच्या रस्त्यावर येणार. २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात असंच विधेयक मंजूर झालं होतं, सिनेटमध्ये अडकलं. बरं झालं.

आणि हत्यार घेऊन हद्द ओलांडणाऱ्याने आधी कायदा वाचावा, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

डोंगरवाट
सायलीताई, वाचूनही माणूस अडकतो. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात सुरक्षित प्रवासाची तरतूद आहे: निघता तिथे आणि पोचता तिथे बाळगणं कायदेशीर हवं, गोळ्या काढलेल्या, शस्त्र डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत, हाताशी येणार नाही असं. डॅशबोर्डमधला ग्लव्ह बॉक्स चालत नाही. २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर पुढचं विमान चुकलं. बॅग परत घेऊन रात्र हॉटेलात काढली. सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे पिस्तूल आहे म्हणून सांगितलं, तर पोलिसांनी धरलं. फौजदारी प्रकरण पुढे मिटलं, पण त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला तो २०१० मध्ये अपील कोर्टात हरला. रात्री बॅग हाताशी होती, म्हणून संरक्षण नाही! त्याची अडचण त्याच्या चुकीने आलेली नव्हती, हे कोर्टाने मान्य केलं, तरीही.

वैजयंती_लीगल
इमिग्रेशनच्या ऑफिसात काम करते, म्हणून कळकळीने लिहिते. वरची सगळी चर्चा नागरिकांची आहे. एच-वन (नोकरी), एच-फोर (त्यांचे कुटुंबीय), एफ-वन (विद्यार्थी) अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना केंद्रीय कायद्यानेच बंदूक आणि गोळ्या बाळगायला बंदी आहे, मग राज्य कुठलंही असो. शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद. शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत. ऑफिसची टोळी वेगासला नेमबाजीच्या रेंजवर जाते, भाड्याने पिस्तूल घेते आणि फोटो टाकते. हातात घेणं म्हणजेही बाळगणं. आणि ग्रीन कार्डवाल्यांनो (कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्यांनो), शस्त्राचा गुन्हा शाबित झाला तर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. घर, मुलांची शाळा, सगळं मागे टाकून जावं लागेल.

डेलावेअरकाठ
वैजयंतीताई, हे प्रत्येक मंडळाच्या ग्रुपवर जायला हवं.
सायली, कायदा नको असं मी म्हणत नाही. पहिलीच वेळ, हेतू वाईट नाही, दुसऱ्या राज्याचं पर्मिट खिशात: अशाला दंड करा, पिस्तूल जप्त करा. थेट तुरुंग कशाला?

सायली_के
ते बरंचसं झालंय. २०१४ मध्येच न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, सरकारी वकिलांना सूचना दिल्या की अशांना सहसा तुरुंगात पाठवू नये.

डेलावेअरकाठ
सूचना म्हणजे कायदा नव्हे. उद्याचा ॲटर्नी जनरल ती बदलू शकतो. शिवाय अटक होतेच, वकिलाचे पैसे जातात, आणि नोकरीच्या तपासणीत ती नोंद वर येते.

सायली_के
बेड्यांची भीती आहे म्हणूनच तुमचा मित्र पुलाअलीकडे थांबला ना? दंड भरून सुटता आलं असतं तर थांबला असता का?

नवा_सभासद
एक विचारू का? भाऊ टेक्सासमधल्या ऑस्टिनहून गाडीने बॉस्टनला माझ्याकडे येतोय, नागरिक आहे, पिस्तूल सोबत आणतो म्हणतो. डिकीत ठेवलं तर चालेल?

डोंगरवाट
नाही. बॉस्टनचं राज्य मॅसॅच्युसेट्स टेक्सासचं लायसन्स मानत नाही. पोचण्याच्या ठिकाणीच परवानगी नसेल, तर वाटेतल्या राज्यांतही सुरक्षित प्रवासाचं संरक्षण गेलं. मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्सशिवाय घराबाहेर बाळगण्याला किमान १८ महिने तुरुंग आहे. आज रात्रीच फोन करा त्याला, पिस्तूल ऑस्टिनलाच ठेवून निघू दे.