आर ही संगणकाची भाषा शिकवताना आधी नुसते व्हेक्टर (आकड्यांच्या रांगा), की थेट बाजारभावाची फाईल?

घणसोलीकर:
वाशीच्या नवीन बॅचला पहिल्याच दिवशी कांद्याच्या भावाची फाईल उघडून द्यावी, अशी सूचना आली आहे. माझा स्पष्ट विरोध. पहिले चार तास व्हेक्टर आणि साधं गणित, बस्स. १:५ म्हणजे १ ते ५. आता १:५-१ चं उत्तर विचारा. मुलं १ ते ४ सांगतील, येतं ० ते ४, कारण कोलन वजाबाकीच्या आधी चालतो. १:(५-१) असा कंस हवा. -२^२ चं उत्तरही -४ येतं. घात आधी, वजा नंतर. उत्तर आधी वहीत लिहायचं, मगच एंटर दाबायचं.

सानपाड्याचा वाचक:
नाही पटलं. असल्या कोड्यांनी व्हेक्टर लागतो कशाला हेच कळत नाही. समजा एपीएमसीत कांद्याचे सहा लॉट आले: १०, १२, ८, १५, ९, ११ क्विंटल. पहिले तीन गोळा (मोठा कांदा), भाव क्विंटलला २०००. उरलेले गोल्टी (लहान कांदा), भाव १५००. एकूण रक्कम १,१२,५००. आता सरासरी भाव काढा. दोन भावांची नुसती सरासरी १७५०, पण रक्कम भागिले ६५ क्विंटल केलं तर सुमारे १७३१. भारित सरासरी, म्हणजे वजन धरून काढलेली, इथे आपोआप समजते, १:५ वर कधीच नाही.

घणसोलीकर:
उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूचं. सहा वजनांचा व्हेक्टर दोन भावांच्या व्हेक्टरने गुणला तर आर भाव आलटून पालटून लावतं: २०००, १५००, २०००, १५००... दुसरा लॉट गोळा असून त्याला गोल्टीचा भाव लागतो. बेरीज येते १,११,०००. फरक फक्त १५०० रुपयांचा, म्हणून नजरेत भरत नाही. सहाला दोनने पूर्ण भाग जातो, त्यामुळे वॉर्निंगही नाही. चार भाव दिले असते तर वॉर्निंग आली असती, आणि तरीही उत्तर मिळालंच असतं! हजार ओळींच्या फाईलमध्ये हे कोण पकडणार? सहा आकड्यांत बोट ठेवून दाखवता येतं.

कोपरी पूर्व:
घणसोलीकरांशी सहमत, एक भर घालतो. मीन म्हणजे सरासरी काढणारी आज्ञा. मीन(१, २, ३) चं उत्तर १ येतं. मीन फक्त पहिला आकडा विदा म्हणून घेतं, बाकीचे दुसऱ्याच पर्यायांत जातात. बेरजेची आज्ञा सम(१, २, ३) मात्र बरोबर ६ देते, म्हणून मुलं जास्तच फसतात. आकडे आधी सी( ) मध्ये गुंफून एक व्हेक्टर करायचा, ही सवय हातालाच लागली पाहिजे.

सानपाड्याचा वाचक:
मान्य, पण खरी घाण फाईलमध्येच भेटते. बाजार बंद असलेल्या दिवशी भावाच्या जागी कुणी नुसती आडवी रेघ टाकतं आणि अख्खा स्तंभ अक्षरांचा होतो. आर ४.०.० च्या आधी, म्हणजे २०२० पूर्वी, तो फॅक्टर व्हायचा, म्हणजे प्रत्येक वेगळी नोंद एक पातळी धरली जायची. त्याचे थेट आकडे केले की भावांऐवजी १, २, ३ असे पातळ्यांचे क्रमांक हाती यायचे. आता आकडे केले की रेघेच्या जागी एनए, म्हणजे 'नोंद नाही', येतो, आणि एक एनए असला की मीनही एनए. हे स्वच्छ सहा आकड्यांत कुठून दाखवणार?

घणसोलीकर:
सातवा आकडा एनए लिहा. फाईल कशाला लागते?

सानपाड्याचा वाचक:
तो एनए तुम्ही स्वतः लिहिलेला असेल, म्हणून मुलांना तो आधीच माहीत असेल. फाईलमधला शोधावा लागतो. मी तिसऱ्या तासापर्यंत थांबायला तयार आहे, चौथ्यापर्यंत नाही.