पॅशन आहे म्हणून फुकट राबायचं? रेसिंगमधल्या नोकऱ्यांबद्दल

नटबोल्ट:
काल इथे एकाने नवीन मुलांना सल्ला दिला की मोटरस्पोर्टमध्ये शिरायचं असेल तर पहिली दोन वर्षं पगाराचा विषयच काढायचा नाही, वीकेंडला टीमकडे जायचं, टायर पुसायचे, पडेल ते काम करायचं, आणि ज्याला पैसे हवेत त्याने दुसरं क्षेत्र बघावं. वाचल्यापासून डोकं फिरलंय. मी नऊ सीझन जीटी गाड्यांवर (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसगाड्या) मेकॅनिक होतो, हे मी गप्प बसून ऐकून घेणार नाही.

आमच्याकडे एक पोरगा यायचा, बिनपगारी. रात्री पॅडॉकच्या (ट्रॅकवरचा टीम्सचा तळ) मागे स्वतःच्या गाडीत झोपायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी गराजमध्ये हजर. हात असा की गिअरबॉक्स उघडला तर प्रत्येक बोल्ट निघाला त्या क्रमाने फडक्यावर मांडलेला, कोणी न सांगता. दुसऱ्या सीझनच्या मध्यात सोडून गेला, घरभाडं थकलं होतं. त्याच्याबरोबर आलेला दुसरा टिकला, कारण त्याची हॉटेलची बिलं वडील भरत होते. आता सांगा पॅशन कोणाची कमी होती? फुकट राबवलं की पॅशनवाले उरत नाहीत, घरी पैसा असलेले उरतात.

टेलिमेट्री:
तो सल्ला माझा आहे आणि मी त्यावर ठाम आहे. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवताना आम्हाला कोणी पगार दिला होता? चार महिने रात्ररात्र जागून सस्पेन्शन केलं आणि टेस्टिंगला पहिल्याच दिवशी पुढचा विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) वेल्डजवळ तुटला. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला मार्क कोणी विचारले नाहीत, अर्धा तास त्या तुटलेल्या विशबोनवरच बोलणं झालं. छोट्या टीमकडे एक ट्रक, एक गाडी, सहा माणसं. तिथे पगार मागितलात तर ते सरळ नाही म्हणतील, आणि शिकायची एक जागा कमी होईल.

नटबोल्ट:
कॉलेजची गाडी आणि धंदा यांची तुलना करू नका. तुम्ही विद्यार्थी होतात. इकडे टीम गाडी चालवायला देण्याचे पैसे ड्रायव्हरकडून घेते, स्पॉन्सरकडून घेते, टायरवाल्याला देते, ट्रॅकला देते, मग टायर पुसणाऱ्या पोराकडे आलं की नेमका पैसा कसा संपतो? मोठ्या टीम्स तर प्लेसमेंटच्या, म्हणजे शिकता शिकता कामाला आलेल्या मुलांना पगार देतातच, मग त्यांच्यात पॅशन नसते का?

आणि जिथे पैसा आहे तिथे काय वेगळं? एफवनमध्ये (फॉर्म्युला वन) २०२१ ला कॉस्ट कॅप आली, म्हणजे टीमच्या वर्षाच्या खर्चावर मर्यादा, १४.५ कोटी डॉलर. ड्रायव्हरचा पगार कॅपच्या बाहेर, टीममधल्या सर्वांत महागड्या तीन माणसांचा बाहेर, मार्केटिंगचा खर्च बाहेर. मेकॅनिकचा मात्र आत! म्हणजे त्याची पगारवाढ आणि नवीन फ्रंट विंग एकाच थैलीतून निघणार. विंगच जिंकते हो दरवेळी.

कार्बनवाली:
तुम्ही दोघंही ट्रॅकवरचंच बोलताय. एफवन टीमची बहुतेक माणसं रेसला जातच नाहीत, फॅक्टरीत असतात, आणि त्यांचं नाव कोणी घेत नाही. मी लॅमिनेटर आहे, कार्बन फायबरचे थर लावून गाडीचे भाग बनवते. प्रीप्रेग (रेझिन भरलेलं कार्बनचं कापड) फ्रीझरमधून काढला की पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो, घाईने उघडलात तर ओल धरते. मग एकेक थर ठरलेल्या दिशेने, मध्येमध्ये व्हॅक्यूमखाली दाबत, शेवटी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची भट्टी. प्रत्येक थराची सोललेली फिल्म मी जपून ठेवते आणि काम संपल्यावर मोजते, कारण एक तुकडा जरी थरांमध्ये राहिला तरी तो भाग तिथून सुटू शकतो. एकदा एक फिल्म कमी भरली. रात्री दहाला कचऱ्याची पिशवी जमिनीवर ओतून शोधली, बुटाच्या तळाला चिकटलेली निघाली. हे काम मला पगार देऊन शिकवलं म्हणून शिकता आलं. फुकट आलेल्या माणसाच्या हातात इतका महाग माल कोणी देत नाही, त्याच्या हातात झाडूच येतो.

टेलिमेट्री:
लॅमिनेशनचं मान्य, ती कारागिरी आहे. पण ट्रॅकवर स्पष्ट बोलू या. व्हील गन (चाकाचा नट काढायचं-आवळायचं यंत्र) चालवायला सहा महिन्यांत शिकता येतं, डेटा वाचून निर्णय घ्यायला वर्षं लागतात. दोघांचा पगार सारखा असूच शकत नाही.

नटबोल्ट:
सहा महिने?? मोनॅको २०२१ विसरलात. मर्सिडीजच्या बोटासचा पुढचा उजवा नट गनने असा खरवडला की चाक निघेनाच, रेस तिथेच संपली आणि चाक शेवटी फॅक्टरीत काढावं लागलं. बहरीन २०१८ ला तर फेरारीचं मागचं डावं चाक बदललंच नव्हतं तरी सिस्टीमने हिरवा दिवा दिला. ड्रायव्हर रायकोनेनची गाडी सुटली आणि मेकॅनिकचा पाय मोडला. टीमला ५० हजार युरो दंड झाला, पाय मात्र त्या माणसाचा मोडला. आणि मेकॅनिकला कमी समजू नका, रॉन डेनिस १८ व्या वर्षी कूपर टीमकडे मेकॅनिक म्हणून लागला होता, पुढे मॅक्लारेन टीमचा प्रमुख झाला.

माझं स्वतःचं सांगतो. २४ तासांची रेस, पहाटे साडेतीनला ब्रेक डिस्क बदलायला गाडी आत आली. रेडिओवर एकच धोशा, लवकर सोडा. जुनी डिस्क काढल्यावर मी सवयीने अपराइट (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) पुसला आणि फडक्याचा धागा अडकला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, टॉर्च आडवा धरल्यावर केसाएवढी रेघ. इंजिनिअर म्हणाला डेटात काही नाही, पाठवा. मी चाक चढवू दिलं नाही. अपराइट बदलण्यात अकरा मिनिटं गेली, पोडियम गेलं, तीन आठवडे माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. वर्कशॉपमध्ये भेग दाखवणारी रंगाची डाय टेस्ट केली तेव्हा दोन्ही बाजूंनी लाल रेघ उमटली. तुमच्या डेटाच्या कुठल्या चॅनेलवर दिसली असती ती भेग?

टेलिमेट्री:
आवाज चढवायची गरज नाही, माझ्याकडे उलटी गोष्ट आहे. ड्रायव्हर म्हणत होता गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरंच. मेकॅनिक छातीठोक सांगतोय की सगळं सेटअप शीटप्रमाणे आहे. डँपरचे (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) डेटातले आलेख एकावर एक ठेवले तर मागचा उजवा सरळ सरळ कडक. तपासल्यावर कळलं, त्या बाजूचे क्लिक (डँपर कडक-मऊ करायच्या नॉबचे टप्पे) उलट्या टोकापासून मोजले होते. नऊ सीझनवालाच माणूस होता तोही.

सेटअप_ट्रक:
भांडा निवांत, पण घरचं कोणीच बोलत नाहीये. २०२४ ला एफवनच्या २४ रेस, आणि शेवटी लास वेगास, कतार, अबू धाबी सलग तीन आठवडे. वेगास ते कतार घड्याळात अकरा तासांचा फरक. मी खालच्या सिरीजमध्ये ट्रक चालवायचो आणि गराज उभं करायचो, मुलगी चालायला लागली ते फोनवर पाहिलं. पगार किती हे विचारतात, वर्षाला किती रात्री बाहेर हे नवीन मुलं विचारतच नाहीत.

कार्बनवाली:
टेलिमेट्री, तुमचा क्लिकचा किस्सा खरा असेल, नटबोल्टांची भेगही खरी. पण यातली एक तरी चूक फुकट काम केल्याने टळली का? मूळ मुद्दा तोच होता ना?

टेलिमेट्री:
ठीक आहे. "दोन वर्षं" काढून टाकतो त्या सल्ल्यातून. चार-पाच वीकेंड जाऊन बघावं, आवडतंय का ते कळतं, असं लिहितो. सहा महिन्यांचं वाक्य मी रागात लिहिलं, तेही मागे घेतो. पण टीमकडे पैसा नसतो हे खरं आहे, त्यावरून मी हटणार नाही.

नटबोल्ट:
चार-पाच वीकेंड चालतील, जाण्यायेण्याचा आणि झोपायचा खर्च टीमचा असेल तर. तेवढा खर्च न परवडणारी टीम मी नऊ वर्षांत पाहिली नाही.

सेटअप_ट्रक:
तो गिअरबॉक्सवाला पोरगा आता कुठे असतो?

नटबोल्ट:
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, पगार वेळेवर मिळतो. रेसच्या रविवारी न चुकता त्याचा मेसेज येतो. परवाचा होता, "पुढच्या डाव्या गनवाल्याने हात वर करायला उशीर केला, बघितलंस का?" मी परत लावून बघितलं. केला होता.